झाकणांवरची नावं

६ नोव्हेंबर

एकशे चोवीस डबे. मोपेडवर दोन खेपा करून आरोग्य केंद्रातून आणले आणि खांबांवर उभ्या आमच्या घराखालच्या बांबूच्या बाजेवर मांडले. माझ्याकडे बासष्ट घरं, घरटी नवरा-बायकोचे दोन. डबा अंगठ्याएवढाच, पण त्यात काय भरून परत येणार आहे हे माहीत असल्यावर रिकामासुद्धा हातात धरवत नाही. सात वर्षं झाली मला स्वयंसेविका होऊन. विष्ठेची ही तपासणी तीन वर्षांतून एकदाच येते, तरी महिनाभर आधीपासून माझं जेवण कमी होतं.

मागच्या वेळी डब्यांवर कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. दवाने त्या सुटल्या आणि नऊ डबे बेवारस झाले. ते मी एकेकाच्या दारात नेऊन "हे तुमचं का?" असं विचारत फिरले होते, ते मेल्यावरही विसरणार नाही. म्हणून या वेळी चिठ्ठ्यांना रजा दिली. जाड शाईच्या पेनने झाकणांवर थेट नावं लिहिली. परिचारिकाबाईंनी माझ्या युक्तीचं कौतुक केलं. म्हणाल्या, इतर गावांनाही सांगते.

केंद्राच्या वहीत फक्त आकडे भरायचे असतात. बाकीचं कुठे ओकायचं? म्हणून ही वही.

९ नोव्हेंबर

आज डबे गोळा केले. एकीने केळीच्या पानात बांधून दिला, जणू नैवेद्य. एकाने फ्रीजमध्ये भाजीशेजारी ठेवला होता. माझ्या नवऱ्याच्या दोस्ताने, फेंगने, इतका दाबून भरला की झाकण बसेना, वर मला म्हणतो, "घ्या वहिनी, हात आखडता घेतला नाही." मी रुमालाची घडी नाकावर ठेवून सगळं हसून घेतलं आणि वळणावर थांबून झुडपात ओकले.

आमच्या घरात मात्र कटकट नाही. बुनथोमने आपला डबा सकाळीच भरून माझ्या डब्याशेजारी ठेवला होता. आणि आक्रीतच झालं. एकतीस वर्षांच्या संसारात या कामाला ज्याने बोट लावलं नाही, तो म्हणाला, "तुला मळमळतं ना, दुआन. दे, केंद्रावर मी पोचवतो सगळे." मी अख्खी पिशवी त्याच्या हाती दिली. नवरा म्हातारपणी सुधारतो म्हणतात ते खरं असेल.

१२ नोव्हेंबर

धरणाचं पाणी ओसरायला लागलं. काठाच्या उथळ पाण्यात बोटभर पांढरे मासे नुसते चमकतात, आणि ते चमकले की आमच्या पुरुषांच्या तोंडाला पाणी सुटतं. आज घाटावर त्यांचा कोय, म्हणजे कच्च्या माशांचा बेत, झाला. मी निरोप द्यायला गेले आणि बघायचं नव्हतं ते बघितलं. जिवंत मासे पाटावर, बुनथोमच्या हातात कोयता, खवल्याआतड्यांसकट कच्चा खिमा. त्याचा गुलाबी चिखल होतो. त्यावर लिंबं पिळायची, भाजलेल्या तांदळाची भरड, मिरची, पुदिना घालायचा आणि वर लाल मुंग्या चिरडायच्या. मग सगळे उकिडवे बसून चिकट भाताचा गोळा त्यात बुडवतात आणि बोटं चोखतात. माशाचा एखादा डोळा कुणाच्या तरी मिशीला चिकटलेला असतो. मला शिसारी येते. लहानपणी बाबांच्या पानाशेजारी बसूनसुद्धा यायची. मी जन्मात कच्चा मासा तोंडात घातलेला नाही, आणि या गावात हे सांगितलं की लोक मला परकी समजतात.

बुनथोमच्या हाताच्या कोयला सगळे जीव टाकतात. तो खिमा लिंबात मुरवून मला दाखवतो, "बघ, पांढरा पडला. म्हणजे शिजला." विस्तव नाही, भांडं नाही आणि म्हणे शिजला.

पण तो स्वतः खात नाही आता. तीन वर्षांपूर्वी त्याचा मोठा भाऊ थोंगदाम हळदीसारखा पिवळा होऊन गेला. यकृताच्या नळ्यांत गाठ होती. त्याच वर्षी बुनथोमच्या डब्यात किड्याची अंडी सापडली. गोळ्या घेतल्या आणि भावाच्या चितेसमोर त्याने शपथ घेतली. आज घरी आला तेव्हा तोंडाला पुदिन्याचा वास होता. चिरताना चघळला म्हणाला.

२१ नोव्हेंबर

विद्यापीठाच्या नरुमोनबाई सूक्ष्मदर्शक घेऊन आल्या. विहाराच्या मंडपात सगळं गाव जमवायचं काम माझं. बाईंनी मागणी केली की गावातला सगळ्यात चांगला कोय हवा, तेव्हा बुनथोमनेच केला. त्यांनी त्यातला चमचाभर पोटातल्या रसासारख्या कोमट पाण्यात तासभर ठेवला, गाळला आणि तळाशी राहिलं ते काचेवर घेतलं.

पहिला नंबर माझा. अंड्यासारखं एक पारदर्शक कवच दिसलं, आणि आत डाग पडलेलं काहीतरी घडी घालून बसलेलं. मग ते कूस बदलल्यासारखं वळलं. मी रुमाल तोंडावर धरला. मी बाजूला झाले.

पुरुषांनी पाहिलं आणि दोष लिंबावर टाकला. फेंग म्हणाला, लिंबं आंबट नव्हती. दुसरा म्हणाला, दारू घालायला हवी होती. तिसरा मुंग्यांचं माप सांगायला लागला. बाईंची तयारी पक्की. त्यांनी तांदळाच्या दारूत ठेवलेले, मिठात ठेवलेले, मुंग्यांच्या आंबट पाण्यात ठेवलेले, सगळे नमुने आणले होते. एकेक दाखवला. सगळीकडे तीच वळवळ.

मग बाईंनी जे सांगितलं ते मी जसं समजलं तसं लिहून ठेवते. हा चपटा किडा आधी गोगलगायीत राहतो, मग माशात, मग आपल्या पित्ताच्या नळीत. गोगलगाय थंड, आपण गरम. मध्येच पोटातला जाळणारा रस, पुढे कडू पित्त. अंड्यातला पांढरा भाग उष्णतेने गोठतो, कारण त्यातली प्रथिनं आपला आकार सोडून एकमेकांत गुंततात. किड्याच्या अंगातल्या प्रथिनांचंही तसंच व्हायला हवं. पण त्याच्याकडे वेगळी काही प्रथिनं आहेत. अंगावर ताण आला की ती भराभर तयार होतात, बाकीच्यांना धरून ठेवतात, वाकलेल्यांना पुन्हा सरळ करतात. म्हणून त्यांना तणाव-प्रथिनं म्हणतात. अशी आपल्याही अंगात असतात म्हणे. या किड्याला घर बदलताना त्यांचा मोठा आधार असावा, आणि त्याचाच अभ्यास बाई करतात.

मी विचारलं, "म्हणजे आपण लिंबू पिळतो तेव्हा तो तयारीला लागतो?"

"तसं असू शकतं, लाम्दुआनताई. अजून ठाम सांगता येत नाही. पण लिंबाने मासा पांढरा होतो, किडा मरत नाही, हे मात्र नक्की. त्याला विस्तवच लागतो."

मला त्या किड्याचा जो राग आला तो सांगता येत नाही. एवढासा जीव, त्याला ना डोळे ना मेंदू म्हणावा असा काही, आणि आपल्या पोटात यायची तयारी करून येतो.

बुनथोमने सगळ्यांच्या शेवटी डोळा लावला. बराच वेळ वाकून होता. उठल्यावर विचारलं, आत गेलेला किती वर्षं जगतो. बाई म्हणाल्या, दहा, कधी कधी वीसही. मग तो जेवायला न थांबता गेला. इतरांनी मात्र शिजवलेल्या माशावर ताव मारला आणि तिखट कमी पडल्याची तक्रार केली.

३ डिसेंबर

निकाल आला. एकशे चोवीसपैकी एकतीस जणांच्या विष्ठेत अंडी. त्यातल्या एकोणीस बायका. परिचारिकाबाई चक्रावल्या, म्हणाल्या नेहमी पुरुषच जास्त निघतात. मी म्हटलं, बायका चोरून खातात, मला ठाऊक आहे. चुलीमागे बसून कोयची वाटी चाटतात आणि माझ्यासमोर साळसूद होतात.

मग शेवटच्या पानावर माझं नाव दिसलं.

चुकीचं वाचलं असेल म्हणून पुन्हा वाचलं. लाम्दुआन, वय त्रेपन्न. एका ग्रॅममध्ये दोन हजारांवर अंडी. वरच्या ओळीत बुनथोम, वय सत्तावन्न, काही आढळलं नाही.

४ डिसेंबर

कोयता उकळला. पाट उकळला, तरी समाधान होईना म्हणून जाळला. ताटं, वाट्या, भाताची टोपली, सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. नक्की त्या पाटावरूनच आलं. मी माझी भाजी त्याच पाटावर चिरते आणि हा मेला घाटावरून तो तसाच आणून टांगतो. पोटावर हात ठेवला की वाटतं आत कुणीतरी कूस बदलतंय. स्वतःच्या अंगाची इतकी घाण मला कधी वाटली नव्हती. तीनदा आंघोळ केली. ज्या ठिकाणी घाण आहे तिथे पाणी पोचत नाही.

बुनथोमला सांगितलं तेव्हा त्याने मान खाली घातली. मी म्हटलं, तू तरी सुटलास. तो उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेला. दाणे सकाळीच टाकले होते.

८ डिसेंबर

गावात बोभाटा झाला. "दुसऱ्यांना शिकवते आणि स्वतः दार लावून खाते." माझ्या तोंडावर बोलायची हिंमत फक्त जाऊबाईंची, थोंगदामच्या विधवेची, सीप्रायची. सीप्राय म्हणाली, "खाल्लं असशील तर खाल्लं म्हण. एवढं काय त्यात." मी तिच्याशी बोलणं टाकलं.

गोळ्या वाटायला गेले तर एकोणीसपैकी बारा बायका भांडायला उठल्या. आम्ही खात नाही, वासानेसुद्धा उलटी होते, तपासणीच खोटी. फेंगची बायको तर रडली. मी सगळ्यांना झाडलं. म्हटलं, अंडी काय आकाशातून पडली? खोटं बोलून यकृत वाचत नाही. माझी गोष्ट वेगळी, माझ्या घरी घाटावरचा पाट येतो.

रात्रीच्या जेवणानंतर माझ्या गोळ्या पुढ्यात घेऊन बसले होते. बुनथोम जवळ येऊन बसला. म्हणाला, "दुआन, यातल्या निम्म्या मला दे की."

"तुझा निकाल स्वच्छ आहे."

"एका घरात राहतो, एका पाटावरचं खातो. मला पण असेल."

"असता तर सापडला असता. गोळ्या वजनावर ठरवून देतात. वाटून खायला ती काय सुपारी आहे?"

तो म्हणाला, "बरं." मी सगळ्या गिळल्या. डोकं गरगरलं, दोनदा उलटी झाली. त्याने पाठ चोळली, पाय दाबले, कांजी करून दिली. अपराध्यासारखं तोंड करून बसला होता. मी म्हटलं, मी मरत नाहीये, तोंड सरळ कर.

१५ डिसेंबर

सोनोग्राफीची गाडी आली. फक्त एकतीस जणांसाठी, यादी माझ्या हातात. बुनथोम धुतलेला सदरा घालून माझ्याबरोबर आला आणि चिंचेखाली बसला. माझा नंबर झाला. डॉक्टरांनी थंडगार लेप लावून पोटभर यंत्र फिरवलं. नळ्या साफ, यकृत साफ. "इतकी अंडी असून काहीच जाड झालेलं नाही. नशीबवान आहात," असं म्हणत त्यांनी निकालाचा कागद पुन्हा वाचला. मला फार बरं वाटलं.

बाहेर आले तर बुनथोम गाडीच्या पायरीशी उभा. परिचारिकाबाईंना विचारत होता, आलोच आहे तर माझंही बघता का. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, यादी ताईंकडे आहे. मी म्हटलं, "तुझं नाव नाही यादीत. उगाच गर्दी करू नकोस. स्वतःचा नवरा म्हणून घुसवलं असं लोक म्हणतील." आधीच माझी अब्रू गेलेली. नियम माझ्याच घरात मोडला असता तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तो गेला. संध्याकाळी म्हणाला, "तुझं साफ निघालं, छान झालं." मनापासून म्हणाला.

२ जानेवारी

मुलगी बँकॉकहून चार दिवस येऊन गेली. बापाला म्हणाली, बाबा बारीक झालात. बुनथोम सारखा खाजवतो. तळहात, तळपाय, पाठ. भाताच्या तुसाने होतं. मी म्हटलं, तळ्यात उतरून अंग घास. कातडी सोलून निघेपर्यंत खाजवतो, नखांत रक्त दिसतं, मला बघवत नाही.

घाटावर जायचं त्याने बंद केलंय. फेंग बोलवायला आला तर घरात नाही असं सांगायला लावलं. मला आनंदच झाला.

१९ जानेवारी

गोळ्यांनंतरची फेरतपासणी. या वेळी नरुमोनबाईंनी शंकेला जागा नको म्हणून माझ्या भागातल्या सगळ्या घरांचे डबे पुन्हा मागवले. झाकणावर नाव चालणार नाही म्हणाल्या. मी दुखावले. चिठ्ठी डब्याच्या अंगावर लावायची आणि वर पारदर्शक चिकटपट्टी. बुनथोम डबा भरेना. आज होत नाही, उद्या बघू. शेवटी मी ओरडले तेव्हा आत गेला.

डबा हातात घेतला तर आतलं मातीसारखं, राखाडी पांढरं. एवढी वर्षं एवढ्यांचं पाहिलं, असं फिकट फार थोड्यांचं. आणि शौचकूपात लघवी उरली होती ती काळ्या चहासारखी. शी. पाणी कमी पितो, दुसरं काय. मी नाक दाबून बादलीभर पाणी ओतलं.

डबे प्रयोगशाळेत मीच नेऊन दिले. बाईंनी मला त्यांचं काम दाखवलं. एका पातळ पांढऱ्या पडद्यावर काळ्या पट्ट्या. साध्या पाण्यातल्या किड्यांची पट्टी फिकी, उष्णता दिलेल्यांची ठळक. जितकी पट्टी काळी तितकी तणाव-प्रथिनं जास्त. त्या तरुण बाईच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. मी विचारलं, किळस नाही वाटत? म्हणाल्या, वाटायची, आता त्याला ओळखते. मला नाही ओळख करून घ्यायची.

२६ जानेवारी

परिचारिकाबाईंनी बोलावून घेतलं आणि कागद पुढे सरकवला. माझ्या डब्यात काही नाही. ते ठीकच, गोळ्या घेतल्या होत्या. वरच्या ओळीत बुनथोम. दोन हजार तीनशे.

मी म्हटलं, दोन महिन्यांत एवढी? बाई म्हणाल्या, नाही ताई, एवढी व्हायला वर्षं लागतात. मग त्यांनी नोव्हेंबरचा कागद त्याशेजारी ठेवला. दोन हजारांवर आणि काही नाही. काही नाही आणि दोन हजार तीनशे. आकडे तेच, ओळी उलट.

घरी आले. तो अंगणात उन्हाकडे तोंड करून बसला होता. मी त्याच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. थोंगदामचे डोळे असेच होते. किती दिवसांपासून पिवळे आहेत हे मला माहीत नाही. मी बघितलंच नव्हतं.

"झाकणं तू बदललीस?"

"हो."

"का?"

"थोंगदाम स्वतः सायकल चालवत गेला होता दवाखान्यात. सायकलवर मागे मीच बसलो होतो. त्यांनी आत बघितलं आणि महिन्याने परत आणला तो शवपेटीतून. बघितलं नव्हतं तोवर तो बरा होता, दुआन. मला वाटलं, अंडी तुझ्या नावावर निघाली तर गोळ्या घरी येतील, मी चार घेईन आणि मला कुणी आत बघणार नाही. तू तर खातच नाहीस, तुला काय व्हायचं."

"मग गाडीपाशी का आलास?"

"त्या काचेत बघितल्यापासून झोप लागत नव्हती."

मी त्याला मारलं. खरंच मारलं, खांद्यावर, पाठीवर, दोन्ही हातांनी. तो बसूनच राहिला. मी गोळ्या दिल्या नाहीत. मी पायरीवरून हाकललं. माझ्या यादीत नाव नाही म्हणून.

२७ जानेवारी

मोठ्या दवाखान्यात जायची गाडी येईपर्यंत त्याने आणखी एक सांगितलं. झाकणं बदलली की नावं बदलतात, हे डबे गोळा व्हायच्या आधीच त्याने फेंगला सांगितलं होतं. फेंगने घाटावर सगळ्यांना. "फेंगच्या बायकोने त्याला निम्म्या गोळ्या दिल्या," असं म्हणाला आणि लगेच म्हणाला, तुझी चूक नाही.

८ फेब्रुवारी

नळ्यांच्या तोंडाशी गाठ आहे. कापून काढण्यापलीकडे गेली आहे. बरगड्यांमधून नळी घालून पित्त बाहेर काढलंय, म्हणजे खाज तरी थांबेल. मी डॉक्टरांना विचारलं, डिसेंबरात दिसली असती का? म्हणाले, कदाचित. मी विचारलं, तेव्हा काढता आली असती का? त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, आता आपण त्यांचा त्रास कमी करू.

मला माझी किळस येते. कोयची, डब्यांची, किड्याची येते त्याहून जास्त. त्या वेळी नियम सांगताना माझा आवाज किती गोड लागला होता मला.

१५ फेब्रुवारी

त्याच्या कुशीला प्लॅस्टिकची पिशवी लटकते, तीत हिरवट काळं पित्त जमतं. दिवसातून दोनदा मीच रिकामी करते. नर्स म्हणाली, आम्ही करतो. मी म्हटलं, नको. वास उग्र आहे. पहिल्या दिवशी रुमालाची घडी नाकावर धरली होती, आता दोन्ही हात पिशवीलाच लागतात.

आज पिशवीच्या तळाशी पानासारखं काहीतरी दिसलं. नखाएवढं, चपटं, तांबूस. मी उजेडात धरलं. ते लांब झालं, आखूड झालं. खोलीत वातानुकूलन इतकं की मी शाल पांघरून बसते. बुनथोमच्या अंगातल्या उबेतून ते या गारठ्यात येऊन पडलं होतं आणि तरी चाललं होतं. नरुमोनबाईंची पट्टी आठवली. आत्ता याच्या अंगात धावपळ सुरू झाली असेल, एकमेकांना धरून ठेवायची. माझ्या माणसाच्या अंगात असं कुणी कुणाला धरून का ठेवत नाही, असं मनात आलं आणि मी पहिल्यांदा रडले.

"काय आहे गं?" त्याने विचारलं.

मी खोटं बोलणार होते. मग पिशवी त्याच्यासमोर धरली. त्याने बघितलं.

"जिवंत आहे?"

"हो."

"दांडगा आहे," म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "त्या बायकांना तू फार बोललीस, दुआन. फेंगच्या बायकोला तरी माफी माग. आणि फेंगचंही बघ. परवा भेटायला आला होता तेव्हा हात खाजवत होता."

२१ फेब्रुवारी

बुनथोमपाशी सीप्राय बसली आहे. मी तिच्याकडे कबूल केलं की चूक माझी होती. ती म्हणाली, "तू जा, इथलं मी बघते," आणि माझ्या हातातून पित्ताची पिशवी घेतली.

गावात आले. केंद्राच्या वहीतून एकोणीस बायकांची नावं उतरवली आणि माझं सोडून बाकीच्या प्रत्येकीपुढे तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. फेरतपासणीला त्यातल्या अकरा जणांनी डबाच दिला नव्हता, बाहेरगावी आहे म्हणून सांगितलं होतं. परिचारिकाबाईंनी सोनोग्राफीची गाडी सोमवारी पुन्हा मागवली आहे. मी त्यांना सांगितलं, या वेळी यादीत नसलेला कुणी पायरीशी आला तर त्याला आधी आत घ्यायचं.

पहिलं घर फेंगचं. त्याच्या बायकोची मी दारातच माफी मागितली. ती नुसती बाजूला झाली. फेंग मागच्या दाराने निघाला होता, त्याला मी कुंपणापाशी धरला. म्हणाला, "वहिनी, माझा निकाल स्वच्छ आहे." मी म्हटलं, बुनथोमचाही होता. मग तो उभा राहिला.

डबा त्याच्या हातात दिला आणि शौचालयाबाहेर पाठ करून बसले. आतून तो मला, सरकारला आणि विद्यापीठाला शिव्या देत होता. मध्येच शिव्या थांबल्या. मग दाराच्या फटीतून म्हणाला, "वहिनी, बघितल्यावर माणूस मरतो का हो?"

मी म्हटलं, "माहीत नाही, फेंग. न बघता मरतो हे मी बघतेय. तू डबा भर, मी बसलेय."

दार उघडलं. डबा अजून गरम होता. मी तो दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्यासमोर चिठ्ठीवर त्याचं नाव लिहिलं.